पाच फुटांचं मिठागर

यंदाही चैत्र संपता संपता दुपारचा वारा सुटला. खाडीकडून येणाऱ्या या वाऱ्यात दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात आणि ओठांवर जीभ फिरवली तर खारट लागतं. पूर्वी आमच्या गावात या वाऱ्याची वाट बघायचे, कारण मीठ त्याच्यावर पिकायचं. आता त्याचं कोणाला काही नाही. तो हिराजीकाकांच्या तीन मजली बंगल्याच्या काचा धुळीनं भरतो आणि काकी रोज दुपारी कपाळाला हात लावतात, एवढंच त्याचं काम उरलं आहे.

त्याच वाऱ्यात परवा काकांनी मला बंगल्याच्या पायरीवर थांबवलं आणि विचारलं, "काय मॅडम, या टायमाला किती फुटाची टाकी घेऊ?"

टाकी म्हणजे माशांची. दिवाणखान्यात ठेवायची, काचेची, खाऱ्या पाण्याची. आणि 'या टायमाला' म्हणजे गेल्या उन्हाळ्यात एक टाकी येऊन गेली आहे. मी काहीतरी पुटपुटले आणि घरी आले.

हे लिहावं की नाही, याबद्दल माझं अजून नक्की होत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आपल्याच माणसांना तुच्छ लेखता यावं म्हणून मला कोणी अलिबागला पाठवलं नव्हतं. पण तो उन्हाळा आठवायला बसले की मनात दुसरं काही येतच नाही. फक्त ती तुच्छता नेमकी कोणासाठी आहे, हे मला बरेच दिवस नीट कळलं नव्हतं.

आमचं गाव पेणहून अलिबागला जाताना लागतं, खारेपाटातलं. हिराजीकाका बाबाचे चुलत भाऊ. दोघंही लहानपणापासून मिठागरात राबलेले. मिठागर बंद झालं, काकांची जमीन कंपनीत गेली आणि बंगला उभा राहिला. बाबा गोदामाच्या गेटवर वॉचमन झाला. दोघांची घरं मात्र अजून समोरासमोर आहेत, त्यामुळे आम्हाला बंगला पूर्ण दिसतो आणि त्यांना आमचं कौलारू छप्पर.

जिथे आज काकांची गाडी उभी राहते, तिथे तळं होतं. आमच्याकडे घरोघर अशी तळी असायची. पावसाळ्यात त्यात जिताड्याची पिल्लं सोडायची आणि विसरून जायचं. दोन-तीन वर्षांनी पाहुणे आले की जाळं टाकायचं. हातभर लांबीचा जिताडा वर आला की काकांचा आवाज चार घरं पलीकडे जायचा. तळं किती मोठं खणायचं, याची कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. वैशाखात आटणार नाही इतकं खोल खणायचं, झालं. आठ इयत्ता शिकलेल्या माणसांना एवढं कळत होतं. मग त्याच माणसांनी त्यात डंपरभर माती ओतली, वर लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची नक्षी केली, आणि दोन वर्षांनी म्हणाले, घरात मासे पाहिजेत.

मी तेव्हा प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. गावात माझ्या शिकण्याची चेष्टा व्हायची. "मासळीचं शिकाला कॉलेज कशाला? म्हावरं तर तुझी आय पन साफ करते." मी हसायचे. हसण्याशिवाय काय करणार? त्यामुळे काकांनी मला बोलावून घेतलं आणि "तू सांगशील तसं करू," म्हणाले, तेव्हा मला किती आनंद झाला, हे सांगायला आज लाज वाटते. माझ्या शिक्षणाला कुटुंबानं सांगितलेलं ते पहिलं काम.

काकांची मुलगी प्राची त्या वर्षी बारावीला होती. तिला पुढे शिकायचं होतं, माझ्याच कॉलेजात. काकांनी ओट्यावर सगळ्यांसमोर अट घातली. "मॅडमचं शिकनं कामाला येतंय का बघू. मासे जगले तर प्राची जाईल अलिबागला. नायतर बारावी बस झाली." सगळे हसले. काका थट्टेतच बोलले होते, पण त्यांच्या घरात बहुतेक निर्णय थट्टेतच होतात आणि मग तसेच राहतात. प्राची हसली नाही. जाताना माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, नीट कर हं."

मग मी वाचायला लागले. खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल एक गोष्ट सगळीकडे सारखीच लिहिलेली होती. नवशिक्यानं लहान टाकी घेऊ नये. लहान टाकी सोपी वाटते, पण ती जास्त अवघड. पाणी जितकं जास्त, तितके त्यातले बदल सावकाश होतात. आपल्या हातून चूक झाली तर ती कळायला वेळ मिळतो. थोड्या पाण्यात चूक कळेपर्यंत मासा मेलेला असतो. मी हे वहीत लिहून घेतलं, आकृती काढली. तीन फूट लांब, दोन फूट खोल, रुंदीही भरपूर. काही मोठी मागणी नव्हती. वही घेऊन बंगल्यावर गेले.

तिथे साइज आधीच ठरली होती. ती ठरवली होती सोफ्यानं. टीव्हीच्या खाली, सोफ्याच्या बरोबर समोर, इंटिरियरवाल्यानं भिंतीत एक खाच ठेवली होती. पाच फूट लांब आणि उंचीला जेमतेम वीतभर. तो नवी मुंबईहून आला होता आणि प्रत्येक गोष्टीला 'स्लीक' म्हणत होता. दरवाजा स्लीक, देव्हारा स्लीक, आता समुद्रही स्लीक.

मी वही पुढे केली. काकांनी ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी. "ही तर विहीर झाली," ते म्हणाले. "फोटोत काय दिसंल?"

"काका, मासे फोटोसाठी नसतात..."

"मग कशासाठी? ह्ये काय खायाचे हायत?"

मी वही मिटली.

बाबा दारात उभा होता. बंगल्यात तो कधी बसत नाही. चपला काढून त्यांच्या शेजारीच उभा राहतो, जणू त्यांची राखण करतोय. तिथूनच त्यानं भिंतीतली खाच पाहिली आणि म्हणाला, "उथळ हाय."

"दादूस," काका म्हणाले, "तुला पवायचं हाय का त्यात?"

सगळे हसले. इंटिरियरवाला हसला, काकी हसल्या. मीही हसले. बाबा माझ्याच बाजूनं बोलला होता, माझ्या वहीत जे होतं तेच एका शब्दात सांगत होता, आणि मी हसले. कारण त्याच्या तोंडून ते शास्त्र वाटत नव्हतं.

मुंबईच्या दुकानात काका आणि मी गेलो. दुकानदाराला टाकीचं माप सांगितलं. ज्यानं आयुष्यात कोणत्याच गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नसेल, असा त्याचा चेहरा होता. तो म्हणाला, "एकदम परफेक्ट." काकांनी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे घेतले आणि एक निळा. निळा मासा मोठा होतो, त्याला पोहायला पुष्कळ जागा लागते, असं मी हळूच म्हणाले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मासा टाकीच्या हिशोबानं वाढतो." हे खोटं आहे, हे मला माहीत होतं. पण त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, आणि मोठ्या आवाजासमोर माझं ज्ञान आजही खाली बघतं.

त्यानं सोबत मिठाची पिशवी दिली. ते मीठ गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं आणि समुद्राचं पाणी तयार करायचं. काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "मिठागरवाल्याच्या घरी पिशवीतलं मीठ? गावात तोंड दाखवू का नको?" पिशवी परत गेली. पाणी खऱ्या समुद्रातून आणायचं ठरलं, आणि ते आणायचं काम अर्थातच बाबाचं.

खाडीचं पाणी गढूळ, म्हणून बाबा काकांची पिकअप घेऊन नागावला जायचा. पहिल्यांदा मीही गेले. भर दुपार, किनाऱ्यावर केळ्याच्या आकाराच्या बोटी, आरडाओरडा करणारे पर्यटक. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही हातांत कॅन घेऊन त्या सगळ्यांच्या मधून आत गेला. कमरेएवढ्या पाण्यात पोचला, तिथून आणखी आत. काठाचं पाणी त्याला चालत नव्हतं. कॅन भरून परत यायचा, पिंपात ओतायचा, पुन्हा जायचा. मी पिकअपमध्ये बसून प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करत होते. परीक्षा जवळ होती, हे खरं. पण नागावला कॉलेजची मुलं येतात आणि त्यातलं कोणी मला कॅन उचलताना पाहील, हेही खरं. दुसरं कारण जास्त खरं.

घरी आणलेलं पाणी तो चार दिवस निवळू द्यायचा, मग धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळायचा. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

काकांच्या मोठ्या मुलाच्या हळदीला टाकी तयार झाली. निळे दिवे, प्लॅस्टिकचं प्रवाळ, तळाशी पांढरी वाळू. हळदीनं पिवळे झालेले लोक ओळीनं तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. बाहेर डीजे इतका मोठा की टाकीतलं पाणी ठोक्यागणिक थरथरत होतं. दोन पट्टेवाले पंपाच्या मागे दडून बसले. निळा पाच फूट जायचा, काचेला लागायचा, वळायचा, पुन्हा पाच फूट. "घाबरलेत ते," मी म्हणाले. "नाचतायत," कोणीतरी म्हणालं. काकांनी माझा खांदा धरून पाहुण्यांना सांगितलं, "ही आमची सायंटिस्ट." मला तो सगळा प्रकार किळसवाणा वाटत होता, आणि तो शब्द आवडला.

लग्न झालं, मांडव उतरला. टाकीकडे बघायला आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

वैशाखातला तो वारा, वर पंखा, खाली दिवे. सकाळी बघावं तर पाणी बोटभर उतरलेलं. कडेला पांढरी साय धरलेली. काकी ती धूळ समजून फडक्यानं पुसायच्या. उतरलेलं पाणी मी रोज पिंपातल्या नागावच्या पाण्यानं भरायचे. समुद्राच्या माशाला समुद्राचं पाणी, यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. मी पाहिलेले व्हिडिओ इंग्रजीत होते, बोलणारे भरभर बोलायचे, आणि जे समजलं नाही ते समजलंय असं धरून पुढे जायची सवय मला कॉलेजच्या पहिल्या महिन्यातच लागली होती. क्षार मोजायला दुकानदारानं काटा असलेली प्लॅस्टिकची डबी दिली होती. काटा रोज एकाच जागी असायचा. मी वहीत रोज 'ठीक' लिहायचे. प्रयोगाच्या आधी रीडिंग लिहून टाकण्यात आमची अख्खी बॅच तरबेज आहे.

एक दिवस बाबा पिंपात पाणी ओतायला आला होता. काकींच्या माहेरची दोन माणसं सोफ्यावर बसली होती. बाबा टाकीपाशी थांबला, काठावरची पांढरी साय नखानं खरवडली, मग बोट पाण्यात बुडवलं आणि सरळ तोंडात घातलं.

"बाबा!" मी ओरडले. "तोंडात काय घालतोस?"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबानं जीभ टाळ्याला लावून चव घेतली, जसा एखादा वैद्य औषधाची घेईल.

"ह्ये तिसऱ्या वाफ्याचं पानी झालंय," तो म्हणाला.

मिठागरात समुद्राचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात. तिथून लहान वाफ्यात, तिथून त्याहून उथळ वाफ्यात. प्रत्येक वाफ्यात वारा थोडं पाणी नेतो, खार तेवढाच राहतो, आणि वरून नवं खारं पाणी येत राहतं. शेवटच्या वाफ्यात मीठ दिसायला लागतं. बाबानं हे मला लहानपणी वाफ्यांच्या बांधावर चालता चालता दाखवलं होतं.

"पानी उडतं पोरी, मीठ न्हाय उडत. तू वरनं परत खारंच घालतेस. गोडं घाल. विहिरीचं."

"बाबा, हे मिठागर नाहीये," मी म्हणाले. पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हे मासे आहेत. गोड्या पाण्यानं मरतील."

तो बोट पँटला पुसून निघून गेला.

मीठ हवं असेल तर उथळ करायचं, पसरट करायचं, वाऱ्यात ठेवायचं, वरून खारं पाणी सोडत राहायचं. आम्ही अगदी तेच केलं होतं. ज्याला दिवाणखान्यात मिठागर लावायचं असेल, त्यानं पाच फूट लांब आणि वीतभर उंच हीच साइज घ्यावी. मिठागरावर जन्म काढलेल्या घराण्यानं, पदवीला शिकणाऱ्या एका मुलीच्या देखरेखीखाली, सोफ्यासमोर मिठागर लावलं आणि त्यात तीन मासे सोडले.

निळा आधी गेला. दोन दिवसांनी सकाळी दोन्ही पट्टेवाले आडवे. मी त्यांना काढताना हात लागून ती प्लॅस्टिकची डबी पाण्यात पडली. काट्यावर साठलेला खार सुटला असावा, कारण इतके दिवस अडकलेला काटा एकदम शेवटच्या रेघेपलीकडे गेला. खोलीत कोणी नव्हतं. मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. सगळं तोंड आवळून आलं.

प्राचीचा निकाल लागून आठवडा झाला होता. चांगले मार्क होते.

संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. काका चिडलेले कमी आणि अपमान झालेले जास्त दिसत होते. "काय मॅडम? कनचा धडा शिकवला नव्हता?" त्यांनी विचारलं. प्राची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं, निदान मला तसं वाटतं. पण त्याआधी बाबा बोलला.

"तिची चूक न्हाय. पानी मी चुकीचं आनलं. ओहोटीचं भरलं, गढूळ व्हतं. मासं त्यानंच मेलं."

एकच हशा झाला. "आयुष्य पान्यात काढलंस नं दादूस, आनि पानी भरता नाय आलं?" बाबाही हसला, डोकं खाजवत, मूर्खासारखा. त्याला ते फार चांगलं जमतं. मी तोंड मिटलं.

दोष पाण्यावर गेला, अटीचं कोणी नाव काढलं नाही, आणि प्राची अलिबागला गेली. गेलं वर्षभर आम्ही एकाच एसटीनं जातो. आणि वर्षभर बाबाची थट्टा चालू आहे. बारशाच्या पंगतीत त्यानं पाण्याचा जग उचलला की कोणीतरी ओरडतं, "याला पानी वाढू देऊ नका रं, मानसं उताणी व्हतील!" तो जग खाली ठेवतो, हसतो. मी पानातल्या भाताकडे बघते. त्या हसणाऱ्यांना मी मनात काय काय म्हणते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यांच्यापैकी कोणालाही खरं माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि मी भात जेवत होते.

वर्षभर मी असं समजत होते की बाबानं हे माझ्यासाठी केलं. पोरीचं नाव राहावं, शिक्षण वाया गेलं असं कोणी म्हणू नये म्हणून. या समजुतीचं ओझं होतं, पण खरं सांगायचं तर त्यात थोडा मानही होता.

परवा पुटपुटून घरी आले, ती काल परत गेले. काका झोपाळ्यावर होते. प्राची खाली बसून जर्नलमध्ये बेडकाची आकृती काढत होती. बाबा ड्यूटी संपवून बंगल्याच्या गेटमधून आत येत होता.

"ठरलं का?" काका म्हणाले. "किती फुटाची? आनि पानी दुसरीकडनं मागवू. दादूसचा हात खराब हाय."

"काका, पाणी चांगलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. "बाबानं आणलेलं पाणी चांगलं होतं. चूक माझी होती. मी रोज वरून खारं पाणी घालत होते, त्यानं मीठ वाढत गेलं. बाबानं मला सांगितलं होतं. टाकी उथळ आहे हेही त्यानंच आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. टाकीचं त्याला विचारा."

झोपाळा थांबला. प्राचीनं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता काका तिच्याकडे बघतील आणि म्हणतील, बस झालं कॉलेज. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही. मग बाबाकडे वळले.

"मंग तू खोटं का बोललास? वरीसभर हसतात तुला."

मला उत्तर माहीत होतं. मी मान खाली घातली आणि माझं नाव येण्याची वाट बघत उभी राहिले.

बाबानं पायरीखाली चपला काढल्या. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. प्राचीच्या मांडीवरच्या अर्ध्या बेडकाकडे बघत तो म्हणाला, "मासं तर मेलंच व्हतं, हिराजी. हिचा कॉलेजचा फॉर्म भराला दोन दिस रायलं व्हतं."